लाखेखालचे तीन श्लोक

ज्या सत्याची शहानिशा दुसरे कोणीही करू शकत नाही, असे एखादे सत्य आपल्या एकट्याच्या स्वाधीन केले जाणे हा माणसाचा मोठा सन्मान होय, असे मी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत मानीत होतो. पुढे एका गुरुवारी सकाळी, उंदरांच्या पिंजऱ्यांसमोर उभा असताना, माझे ते मत बदलले. त्याला आता तेरा वर्षे झाली.

‘‘गुरुजी, लाख फोडा,’’ शर्मिष्ठा म्हणाली, तो आदला दिवस. बुधवार.

मिरजेच्या बाहेरच्या एका संशोधन संस्थेचे ते सभागृह. समोर संचालक, समितीचे पाच सभासद, आणि संगणकापाशी इरफान नायकवडी, शर्मिष्ठेचा संशोधक विद्यार्थी. माझ्या हाती एक जाड लिफाफा होता. त्याच्या पाठीवर लाल लाख आणि लाखेवर आमच्या पाठशाळेचा पितळी शिक्का. चार महिने तो लिफाफा माझ्या देवघरातल्या फडताळात होता.

मी त्या संस्थेत कसा, हे सांगितले पाहिजे. प्राण्यांवर जे प्रयोग होतात त्यांना अनुमती देणारी एक समिती असते, आणि तिच्यात एक तरी सभासद शास्त्रज्ञ नसलेला, बाहेरचा असावा असा नियम आहे. डॉ. शर्मिष्ठा हुपरीकर ही शाळेत असताना माझ्याकडे संस्कृत शिकलेली. तिने माझे नाव सुचविले. पहिल्या बैठकीत मी विचारले होते, ‘‘या मुक्या जिवांना आपण दुःख देतो, ते कशासाठी?’’ बाकीचे कागद चाळू लागले. शर्मिष्ठा मात्र म्हणाली, ‘‘गुरुजी, उत्तर देते. पण आधी उंदीर बघायला चला.’’

त्या उंदरांच्या पिंडात माणसाच्या अल्झायमरचे बीज घातलेले होते. ते वाढत्या वयात वाट विसरत. त्यांची झोपही मोडे. शर्मिष्ठेचे म्हणणे असे, की गाढ झोपेत मेंदू दिवसभराचा केर काढून टाकतो. झोप तुटली की केर साचतो आणि स्मृती त्याखाली गाडली जाते. म्हणून तिने झोप आणणारे एक औषध घेतले होते. ते देऊन स्मृती टिकते का, हे तिला पाहायचे होते. छत्तीस उंदरांपैकी अठरांना औषध, अठरांना नुसती शेंगदाण्याच्या कुटाची गोळी. कोणाला काय मिळते हे प्रयोगशाळेत कोणालाच ठाऊक असता कामा नये, नाही तर पाहणाऱ्याची नजर पक्षपात करते. यापूर्वी दोनदा तिच्या निष्कर्षांवर तसा आक्षेप आला होता. या वेळी प्रयोग फसला तर मार्चमध्ये तिची प्रयोगशाळाच बंद होणार होती.

‘‘दर महिन्याला तुम्ही एकटे खोलीत बसायचे, दोन बरण्यांतून छत्तीस डब्या भरायच्या,’’ तिने सांगितले. ‘‘औषध कोणत्या पिंजऱ्यांना, ते चिठ्ठ्या टाकून तुम्हीच ठरवा. मला फक्त एक यादी हवी. साधी यादी, गुरुजी.’’

‘‘यादी कोणी पाहिली तर?’’

‘‘म्हणून तर तुमच्याकडे देतेय.’’

‘‘पाहिली तरी वाचता येणार नाही अशी लिहितो,’’ मी म्हणालो.

ती हसली. तिने तेव्हाच मला थांबवायला हवे होते. पण विद्यार्थी गुरूला थांबवीत नाहीत.

मी अनुष्टुभ छंदात तीन श्लोक रचले. जुने ज्योतिषी आकडे शब्दांत बांधीत. चंद्र एक, नेत्र दोन, वेद चार, बाण पाच. प्रत्येक पिंजऱ्याचा क्रमांक दोन आकडी होता. पहिला आकडा मांडणीतल्या कप्प्याचा, वरून मोजलेला. दुसरा त्या कप्प्यातल्या जागेचा. सहा कप्पे, प्रत्येकात सहा पिंजरे. अठरा क्रमांक छंदात असे चपखल बसले, की त्या दिवशी मला जेवणही गोड लागले.

आता सभागृहात मी लाख फोडली, कागद उलगडला, आणि चष्मा पुसून वाचू लागलो.

‘‘नेत्र, चंद्र.’’

‘‘गुरुजी, आम्हांला आकड्यांत सांगा हो,’’ संचालक म्हणाले, आणि सगळे हसले.

‘‘दोन, एक,’’ मी म्हणालो. इरफानची बोटे चालली. ‘‘वेद, चंद्र. चार, एक. बाण, चंद्र. पाच, एक.’’

अठरा जोड्या मी एका लयीत वाचल्या. कोठे अडखळलो नाही. शर्मिष्ठा पदराचे टोक बोटाला गुंडाळीत होती. ती सोडवीत होती, पुन्हा गुंडाळीत होती. इरफानने शेवटची कळ दाबली आणि पडद्यावर दोन आकडे उमटले.

पाण्याच्या हौदात एक पाट बुडवून ठेवलेला असे. उंदराने तो आठवणीने शोधायचा. औषध मिळालेल्यांना लागलेला सरासरी वेळ बावीस सेकंद. न मिळालेल्यांना सदतीस.

‘‘मॅडम!’’ इरफान उभाच राहिला. ‘‘पंधरा सेकंद! पंधरा सेकंदांचा फरक आहे!’’

‘‘आणि मेलेले चार?’’ शर्मिष्ठेने विचारले. प्रयोगाच्या काळात चार उंदीर दगावले होते.

‘‘दोन औषधातले, दोन नुसत्या गोळीचे. म्हणजे वयानेच, मॅडम.’’

मग ती माझ्याकडे आली आणि सर्वांदेखत तिने मला वाकून नमस्कार केला. संचालक म्हणाले, ‘‘शास्त्रीबुवा, तुमचे श्लोक आपण शोधनिबंधात छापू. जगातल्या शास्त्रज्ञांना कळू दे.’’ मी ‘‘छे, छे’’ म्हणालो. पण घरी जाताना रिक्षात मी ते श्लोक मोठ्याने म्हटले, आणि रिक्षावाल्याने आरशातून दोनदा मागे पाहिले.

दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच मी संस्थेत पोहोचलो. अकरा वाजता एका रुग्णालयाची माणसे करारावर सह्या करण्यास येणार होती. सोमवारी बारा वृद्ध रुग्णांना हे औषध सुरू व्हायचे होते. शर्मिष्ठेने मला एका प्रमाणपत्रावर सही करायला बोलावले होते. त्याआधी उंदरांना एकवार पाहावे म्हणून मी प्राणिगृहात शिरलो.

शेवंताबाई ऐवळे तेथे पाण्याच्या बाटल्या भरीत होत्या. सतरा वर्षे त्या ती खोली सांभाळीत होत्या. रोज सकाळी सहा वाजता दिवे लागले, की उंदरांची झोपायची वेळ होई, आणि त्या एकेकाला डबीतली गोळी भरवीत.

‘‘या गुरुजी. पेढं खाल्लं न्हवं काल?’’

‘‘तुम्हांला मिळाले का?’’

‘‘मिळालं की. मॅडमनी दोन दिलं. एक मी खाल्ला, एक नातीला.’’ त्यांनी बाटली फडक्याने पुसली. ‘‘पर एक इचारू का? रागवायचं न्हाई.’’

‘‘विचारा.’’

‘‘वरल्यांनी काय पाप केलं हुतं?’’

मला कळले नाही. त्यांनी ओल्या हाताने मांडणीकडे बोट केले. इरफानने सकाळीच औषधाच्या पिंजऱ्यांवर तांबड्या टिकल्या डकविल्या होत्या.

‘‘बगा की. खालच्या तीन कप्प्यांत चौदा टिकल्या. वर समदी मिळून चार. दुसऱ्या कप्प्यात तर येकच! मी म्हनलं, गुरुजींसारखा माणूस, आन् वाटताना असा दुजाभाव कसा केला?’’

मी मांडणीकडे पाहिले. टिकल्या खरोखरच तळाशी उतरल्या होत्या, गाळ बसावा तशा.

चिठ्ठ्या मी टाकल्या होत्या, पण कप्प्याकप्प्याने टाकल्या होत्या. कोणत्याही ओळीवर अन्याय नको म्हणून प्रत्येक कप्प्यातून नेमक्या तीन चिठ्ठ्या मी उचलल्या होत्या. हे मी कोणालाच सांगितले नव्हते. ती माझ्या मनातली न्यायबुद्धी होती. सहा कप्पे, तीन तीन. वर नऊ, खाली नऊ.

मग चार आणि चौदा कोठून आले?

मी बोटांवर पहिला क्रमांक घेतला. नेत्र, चंद्र. मी पालथ्या बादलीवर बसलो.

शब्दांत आकडे बांधण्याची जी रीत मी बालपणापासून शिकलो, तिच्यात एकम आधी सांगतात आणि दशक मागून. नेत्र-चंद्र म्हणजे बारा. डब्या भरताना मी एकटा असे, आणि पाठ असलेले श्लोक मनातल्या मनात म्हणून बाराचीच डबी भरी. काल मात्र मी शब्दामागून शब्द उच्चारला, ‘‘दोन, एक,’’ आणि इरफानने ऐकले तसे टिपले. एकवीस. चौदाचे झाले एक्केचाळीस. पंधराचे एकावन्न. पिंजऱ्यांचे क्रमांकच असे होते, की उलटा केलेला प्रत्येक आकडाही कोणत्या ना कोणत्या पिंजऱ्याचाच निघे. चूक कोठे अडली नाही, कोणाला खटकली नाही.

‘‘गुरुजी, पानी देऊ?’’ शेवंताबाईंनी विचारले. ‘‘मी आपलं सहज बोलले. मनाला लावून घिऊ नगा.’’

‘‘तुम्ही हे आणखी कोणाला बोललात?’’

‘‘मला कोन इचारतंय?’’

खरे सांगतो, ते उत्तर ऐकून मला क्षणभर हायसे वाटले. त्या क्षणाची लाज मला अजून आहे.

शर्मिष्ठेच्या खोलीत टेबलावर करार पडला होता. शेजारी माझे प्रमाणपत्र. ती दूरध्वनीवर बोलत होती. बोलता बोलता तिने मला खुर्ची दाखवली आणि पेन पुढे सारले.

‘‘हो, सोमवारी सकाळीच... नाही, नातेवाइकांच्या सह्या आधी घ्या... बाराही जण सत्तरीच्या पुढचे आहेत ना?... हो. झोप लागेल त्यांना. नक्की लागेल.’’

मी कागद वाचला. ‘संकेतयादी माझ्या एकट्याच्या ताब्यात होती आणि ती मी सभेत यथातथ्य वाचून दाखवली आहे.’ खाली माझे नाव. त्र्यंबक विनायक घैसास. नावापुढे शर्मिष्ठेने आपल्या हाताने ‘शास्त्री’ असे जोडले होते.

यथातथ्य! मी वाचले होतेच की. एक अक्षरही बदलले नव्हते. कागदावर जे होते तेच मुखातून निघाले होते. मनात एक वकील उभा राहिला आणि अस्खलित बोलू लागला: तू वाचलेस ते खरेच वाचलेस. लिहून घेणाऱ्याने काय समजावे याला तू कसा जबाबदार? आणि औषध चांगलेही असेल. सहा वर्षांचे तप आहे या मुलीचे. तुझे श्लोक वाचणारा या इमारतीत दुसरा आहे कोण?

कोणी नव्हते. तेच तर होते.

‘‘झाली का सही?’’ शर्मिष्ठेने दूरध्वनी ठेवला. तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांत न दिसलेली शाळकरी टवटवी होती. ‘‘गुरुजी, आई काल रडली हो माझी. म्हणाली, तुझ्या गुरुजींना एकदा जेवायला बोलाव. पुरणपोळी चालते ना अजून?’’

मी पेनाचे टोपण काढले. पुन्हा लावले.

‘‘शर्मिष्ठे, काल पहिला पिंजरा कोणता लिहिला इरफानने?’’

‘‘एकवीस. का?’’

‘‘तो बारा आहे.’’

ती हसली. मग माझ्याकडे पाहून तिचे हसणे थांबले.

‘‘अंक उजवीकडून वाचायचे असतात या रीतीत,’’ मी म्हणालो. ‘‘मी वाचले, तुम्ही ऐकले, ते डावीकडून लिहिले गेले. अठराही उलटे आहेत.’’

‘‘गुरुजी, आत्ता? दहा वाजून गेलेत. तासाभरात माणसे येतायत.’’

‘‘म्हणूनच.’’

‘‘तुम्हांला खात्री आहे? काल तर...’’

‘‘प्रत्येक कप्प्यातून मी तीन निवडले होते. यादी सुलटी केलीस की तीन तीन येतील. नाही आले, तर मी म्हातारा झालो असे समज आणि सही घे.’’

तिने इरफानला हाक मारली. मी कागद टेबलावर पसरला आणि या वेळी आकडे पुरते उच्चारले. बारा. चौदा. पंधरा. एकवीस. पंचवीस. सव्वीस. पहिल्या कप्प्यातले तीन, दुसऱ्यातले तीन. तिसऱ्या कप्प्याचे तीन झाले तेव्हा शर्मिष्ठेने डोळे मिटून घेतले.

इरफानने कळ दाबली आणि पडद्याकडे नुसता पाहत राहिला.

‘‘बोल ना,’’ ती म्हणाली.

‘‘तीस आणि एकोणतीस, मॅडम. फरक नाही.’’

‘‘औषधाचे किती?’’

‘‘तीस. औषधाचेच तीस.’’ त्याने दुसरी यादी उघडली. ‘‘आणि मॅडम... जे मेले. चौदा, पंचवीस, त्रेचाळीस, चौसष्ट.’’

‘‘दोन-दोन होते ना?’’

‘‘आता चारही औषधातले आहेत.’’

बाहेर कोणीतरी झाडू मारीत होते, त्याचा खरखर आवाज तेवढा येत होता. बारा वृद्ध माणसे, सोमवार सकाळ, आणि माझ्या हातातले ते पेन. मी ते टेबलावर ठेवले.

शर्मिष्ठेने तो कागद आपल्याकडे ओढून घेतला. मग ती बोलली, शांतपणे. आणि ते वाक्य मला अजून जसेच्या तसे ऐकू येते.

‘‘मी साधी यादी मागितली होती, गुरुजी. श्लोक कोणी मागितले होते?’’

‘‘कोणीही नाही.’’

‘‘पन्नास मुलींपुढे तुम्ही मला उभे केले होते एकदा. एक विसर्ग चुकला म्हणून.’’

‘‘आठवते.’’

‘‘मी रडले होते.’’

‘‘आज तू मला उभे कर,’’ मी म्हणालो, आणि खरोखरच उभा राहिलो. ती ‘‘बसा हो,’’ म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आले, ते रागाचे की कशाचे ते मी विचारले नाही. तिने दूरध्वनी उचलला.

‘‘मी हुपरीकर बोलते. येऊ नका आज... नाही, पुढे ढकलत नाही. रद्द करतेय. सोमवारी कोणालाही गोळी द्यायची नाही. एकालाही नाही. मी लेखी पाठवते.’’

रिसीव्हर ठेवून ती खुर्चीत मागे रेलली. इरफानची मान खाली होती. मग तोच पुटपुटला, ‘‘पण मॅडम, चुकीच्या यादीत एवढा फरक आला कसा? चूक म्हटल्यावर सगळी सरमिसळ व्हायला पाहिजे. पंधरा सेकंद कसे निघाले?’’

मी म्हणालो, ‘‘चुकीच्या यादीत औषध खालच्या कप्प्यांना पडले होते. शेवंताबाईंना विचारा.’’

शेवंताबाई दारातच हात पुसत उभ्या राहिल्या. आपल्यावर काही बालंट येते आहे अशी त्यांची समजूत झालेली दिसली.

‘‘मी येक गोळी चुकवली न्हाई, मॅडम. पोरीच्या लग्नातबी सकाळी यिऊन भरवून गेले.’’

‘‘तुमची चूक नाही काही,’’ शर्मिष्ठा म्हणाली. ‘‘खालचे उंदीर आणि वरचे उंदीर, यांत फरक काय वाटतो तुम्हांला?’’

‘‘खालची झोपत्यात,’’ शेवंताबाई म्हणाल्या. ‘‘वरल्यांच्या डोळ्यांवर नळीचा उजेड. दिसभर कुसं बदलत्यात बिचारी. खाली समदी सावली. तितं येकदा गोळा होऊन पडली की हात घातला तरी उठत न्हाईत. ही तर मी पैल्या महिन्यापास्नं बगतीय.’’

‘‘मग सांगितले नाही कधी?’’

‘‘तुमी इचारलं कवा?’’

शर्मिष्ठा उठली आणि तडक प्राणिगृहात गेली. आम्ही मागोमाग. तिने पायांतल्या चपला काढल्या, पदर खोचला आणि मांडणीपुढे फरशीवर बसली. मग आणखी वाकून तिने सहाव्या कप्प्यापाशी गाल टेकवला. सहा वर्षे ती त्या खोलीत उभ्याने वावरत आली होती. तिथून उंदराला छत कसे दिसते, हे ती प्रथमच पाहत होती.

आत एक करडा उंदीर कापसात नाक खुपसून झोपला होता. त्याचे पोट हलत होते, पुष्कळ सावकाश.

‘‘सावली,’’ ती स्वतःशीच म्हणाली. ‘‘औषध नाही. नुसती सावली.’’

मार्चमध्ये तिची प्रयोगशाळा बंद झालीच. तिला संस्थेतच एक लहान खोली मिळाली, आणि तिथे तिने कोणतीही गोळी न देता, केवळ पडदे लावून दोन वर्षे काम केले. त्यातून फार मोठे असे काही निघाले नाही. एक लहानसा निबंध निघाला. त्याच्या शेवटी आभाराच्या ओळीत शेवंताबाई ऐवळे यांचे नाव पहिले आहे. माझे श्लोक कोठेही छापले गेले नाहीत. जे रुग्णालय करार करणार होते, तिथल्या वृद्धांच्या दालनात मात्र संध्याकाळनंतर दिवे मंद करू लागले, हे मी स्वतः जाऊन पाहिले आहे. पुरणपोळी मला प्रयोगशाळा बंद झाली त्याच महिन्यात मिळाली. शर्मिष्ठेच्या आईने दोन आग्रहाने वाढल्या, आणि शर्मिष्ठेने पानाशेजारी एक चिठ्ठी ठेवली. तीवर लिहिले होते: पुरणपोळी, कटाची आमटी, भात, लिंबू. खाली एक ओळ: ‘गुरुजी, साधी यादी अशी असते.’

आता मी चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे. माझ्याही स्मृतीतले काही पाट पाण्याखाली गेले आहेत. काल ठेवलेला चष्मा आज सापडत नाही. ते तीन श्लोक मात्र मुखोद्गत आहेत. दिवा मालवल्यावर मी ते अजूनही म्हणतो. अर्थासाठी म्हणत नाही. त्यांत अठरा जिवांची ठिकाणे आहेत म्हणून म्हणतो. मग उरलेल्या अठरांची ठिकाणे बोटांवर मोजतो, कारण त्यांना मी कोणत्याच छंदात घेतले नव्हते.

ज्या चौघांनी प्राण देऊन त्या बारा वृद्धांच्या ओठांपासून गोळी दूर ठेवली, त्यांना सद्गती लाभो. ते बारा जण ज्यांच्या घरी असतील, त्या घरांतले दिवे वेळेवर मालवले जावोत. शेवंताबाईंच्या नजरेला दीर्घायुष्य मिळो, शर्मिष्ठेला कधीतरी तिचे उत्तर सापडो. आणि वरच्या कप्प्यातल्या त्या जिवांच्या डोळ्यांवर, ते आता जेथे असतील तेथे, थोडी सावली असो.